समुद्री शेवाळ, गलगंड आणि आपल्या डब्यातले मीठ



उमापूर आणि गेवराई तालुक्यातल्या वस्त्यांमधून आरोग्याच्या पानाकडे अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "थायरॉईडवर समुद्री शेवाळाच्या गोळ्या चांगल्या असतात म्हणे. चीनमध्ये पूर्वापार देतात. घेऊ का?" कुणी मोबाईलवर पाहिलेले असते, कुणाच्या हातात पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने आणलेली डबी असते. काही बायांनी तर दवाखान्याची रोजची गोळी बंद करून ही डबी सुरू केलेली असते. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर घेत आहोत.

आमचे उत्तर आधीच सांगतो. थायरॉईडसाठी शेवाळाच्या गोळ्या किंवा पावडर स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यासाठी सोडू नका. पण याचा अर्थ चिनी वैद्य खोटे बोलत होते, असा नाही. त्यांनी जे पाहिले ते खरे होते. त्यातला जो भाग माणसाला खरोखर उपयोगी पडला तो आज आपल्याच स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्यात आहे. तो तिथे कसा आला, हे समजले की डबी विकत घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

चिनी वैद्यांनी काय पाहिले?

गळ्याच्या पुढच्या बाजूला गाठ येऊन गळा फुगतो, त्याला आपण गलगंड म्हणतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. चीनमध्येही समुद्रापासून लांबच्या डोंगराळ मुलखात हा रोग फार होता. तिथल्या वैद्यांनी त्यावर समुद्रातले शेवाळ देऊन पाहिले. चौथ्या शतकात होऊन गेलेल्या गे हाँग या वैद्याने गलगंडावर शेवाळ मद्यात भिजवून तो अर्क थोडा थोडा घ्यायला सांगितला आहे. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ याने शेवाळाबरोबर जनावराच्या गळ्यातली ग्रंथीही औषध म्हणून दिली. सोळाव्या शतकात ली शिझेन याने चिनी औषधींचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही शेवाळांना जागा आहे.

चिनी वैद्यकात मुख्यतः दोन शेवाळे या कामी येतात. एक 'हायझाओ', म्हणजे तपकिरी, फांद्या-फांद्यांचे आणि बारीक फुग्यांचे शेवाळ. त्याच्या जातीची शेवाळे आपल्या रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावरही उगवतात. दुसरे 'कुनबू', म्हणजे थंड समुद्रातले लांब, रुंद पट्ट्यांचे शेवाळ. चिनी वैद्य औषधाचे गुण चव आणि प्रकृती यांवरून सांगतात. शेवाळ खारट आणि थंड. खारट वस्तू कठीण गाठ मऊ करते आणि साठलेला कफ विरघळवते, असे त्यांचे शास्त्र. म्हणून गळ्याच्या गाठी, मानेच्या गाठी, अंगावरची सूज यांवर शेवाळ दिले जाई.

एक गोष्ट लक्षात घ्या. हे औषध तिथेही सरसकट कुणालाही देत नसत. ज्याचे पोट कमजोर, ज्याला थंडी बाधते, त्याला ते वर्ज्य. चिनी वैद्यकात एकमेकांशी न जमणाऱ्या औषधांची जुनी यादी आहे. त्यात हायझाओ आणि ज्येष्ठमध ही जोडी एकत्र देऊ नये, असे सांगितले आहे. पुढे काही वैद्यांनी गलगंडाच्या काढ्यात ही जोडी मुद्दाम वापरली आणि त्यावर तिथे आजही चर्चा चालते. म्हणजे चिनी वैद्य आधी रोगी पाहत, नाडी पाहत, मग शेवाळ देत. आपल्याला मोबाईलवर गोळ्या विकणारा यातले काहीच करत नाही.

शेवाळात नेमके काय होते?

गाठ कमी होत होती, पण का कमी होते ते कुणालाच माहीत नव्हते. ते कळायला एकोणिसावे शतक उजाडले. 1811 साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा हा कारागीर बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करत होता. त्यासाठी तो समुद्री शेवाळ जाळून त्याची राख वापरत असे. एकदा राखेत आम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ निघाली. ती वाफ गार होऊन काळसर चकचकीत कण जमले. हा नवा पदार्थ म्हणजे आयोडीन. ग्रीक भाषेतल्या जांभळ्या रंगाच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले.

पुढे 1820 साली जिनिव्हाच्या कोएंदे नावाच्या डॉक्टरने गलगंडाच्या रोग्यांना आयोडीनचे थेंब दिले. काहींच्या गाठी उतरल्या. पण काहींची छाती धडधडू लागली आणि अंग झडू लागले. म्हणजे औषध खरे होते आणि त्याचे माप चुकले तर तेच बाधत होते. ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी दिसली होती. शेवाळाच्या डबीवर ती आजही लिहिलेली नसते.

1895 च्या सुमारास बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन सापडले, आणि कोडे सुटले. ही ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असते. रक्तातले आयोडीन ओढून घेऊन ती एक रस तयार करते. तो रस शरीराचा वेग ठरवतो. छातीचे ठोके, अंगाची ऊब, पोटाची हालचाल, पाळी आणि लहान मुलांची वाढ, हे सगळे त्याच्यावर चालते. आयोडीन कमी पडले की ग्रंथी जास्त ओढण्यासाठी स्वतः मोठी होते. तोच गलगंड. आयोडीन मिळाले की काही रोग्यांमध्ये ती परत लहान होते. चिनी वैद्यांना शेवाळाने जो गुण दिसला, तो या आयोडीनचा.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची अडचण

आयोडीनचा साठा समुद्रात आहे. जमिनीतले आयोडीन पावसाने, पुराने हजारो वर्षे धुपून समुद्राकडे जात राहिले. जिथली माती धुपली तिथल्या पिकात आयोडीन कमी, पाण्यात कमी, आणि ते खाणाऱ्या माणसात व जनावरातही कमी. आपले उमापूर सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. रोजच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, भाजी, ठेचा. समुद्राची मासळी आपल्याकडे क्वचितच, तीही बहुधा सुकट-बोंबलाच्या रूपात. तेव्हा आयोडीन बाहेरूनच मिळवावे लागते.

लागते किती? मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 250 मायक्रोग्रॅम. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर सत्तर वर्षांच्या आयुष्याला मिळून चार ग्रॅमही लागत नाही, चहाच्या लहान चमच्याएवढेच. पण शरीर ते साठवून फार दिवस पुरवू शकत नाही. रोज थोडे थोडे मिळायला हवे.

आणि कमी पडले तर सर्वांत मोठे नुकसान गळ्याचे होत नाही, मेंदूचे होते. गर्भातल्या बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यांत आईच्या थायरॉईडच्या रसावर वाढतो. आईला आयोडीन फार कमी पडले तर गर्भपात होतो, बाळ मृत जन्मते, किंवा ऐकू न येणारे, बोलता न येणारे, बुद्धीची वाढ खुंटलेले बाळ जन्मते. कमतरता थोडीच असली तर बाळ वरून निरोगी दिसते, पण शाळेत मागे पडते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, टाळता येण्याजोग्या मेंदूच्या नुकसानीचे जगातले एक प्रमुख कारण आयोडीनची कमतरता हेच आहे. आपण पोटाला चिमटा काढून लेकरांना शिकवतो. त्या शिक्षणाचा पाया आईच्या पोटातच घातला जातो, हे घरातल्या पुरुषांनीही ध्यानात ठेवावे.

कांगड्याचा धडा

मग समुद्रापासून लांबच्या कोट्यवधी लोकांना रोज आयोडीन द्यायचे कसे? प्रत्येकाला शेवाळ खाऊ घालणे शक्य नाही. पण मीठ गरीब-श्रीमंत सगळेच खातात, रोज खातात आणि जवळजवळ सारखेच खातात. म्हणून मिठात आयोडीन मिसळण्याची युक्ती निघाली. स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासून आणि अमेरिकेत 1924 पासून असे मीठ विकले जाऊ लागले.

आपल्या देशात हे सिद्ध करून दाखवले ते डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 साली त्यांनी काम सुरू केले. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवले, एका भागात साधे मीठ चालू ठेवले. काही वर्षांनी आयोडीनच्या दोन भागांत शाळकरी मुलांचा गलगंड स्पष्टपणे उतरला आणि साध्या मिठाच्या भागात तसाच राहिला. मग त्या तिसऱ्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ दिले. या कामाच्या आधारावर 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. नंतरच्या पाहण्यांत गलगंड फक्त हिमालयात नसून सपाट प्रदेशातही, महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांतही आढळला. 1992 साली कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात आयोडीन कमतरतेचे सगळे विकार घेतले गेले. 2006 पासून देशभर थेट खाण्यासाठी बिगर-आयोडीन मीठ विकायला बंदी आहे. दुकानात पोचलेल्या मिठाच्या दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन असले पाहिजे, असा नियम आहे.

चीननेही शेवटी हाच मार्ग धरला. ज्या देशाने शेवाळाचे औषध शोधले, त्यानेच 1990 च्या दशकात सगळ्या देशासाठी आयोडीनयुक्त मीठ सुरू केले. कारण शेवाळ वैद्याकडे जाणाऱ्या रोग्यापुरते होते. मीठ गावाच्या टोकाच्या घरातही पोचते.

इथे एक गैरसमज दूर करू. "मीठ समुद्राचेच, मग त्यात आयोडीन असणारच" असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मिठागरात पाणी आटवून जे मीठ निघते त्यात नैसर्गिक आयोडीन नगण्य असते. समुद्रातले आयोडीन गोळा करून ठेवते ते शेवाळ, मीठ नाही. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून चालणारी मिठे सांगितली आहेत, त्यात समुद्राचे मीठही आहे आणि सैंधवही. त्या काळी मिठाचे जे उपयोग माहीत होते त्यासाठी ते ठीक होते. आयोडीन मात्र दोन्हींत वरून घालावे लागते. कारखान्यात पोटॅशियम आयोडेट फवारले जाते तेव्हाच मीठ आयोडीनयुक्त होते.

मग शेवाळाची गोळी का नको?

पहिले कारण, रोग एक नाही. गावात "मला थायरॉईड आहे" असे आपण म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळी दुखणी असतात. एक, आयोडीन कमी पडून होणारा गलगंड. दोन, ग्रंथी मंदावणे. जिथे लोक आयोडीनयुक्त मीठ खातात तिथे याचे बहुतेक कारण आयोडीनची कमतरता नसते. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. तीन, ग्रंथी फार जोरात चालणे. शेवाळाचा उपयोग होत होता तो पहिल्या दुखण्यावर. दुसऱ्यात जादा आयोडीन दिले तर मंद ग्रंथी आणखी मंदावू शकते. तिसऱ्यात आणि जुन्या गाठी असलेल्या वयस्कर माणसांत छाती धडधडणे, हात थरथरणे, वजन झपाट्याने उतरणे सुरू होऊ शकते. जिनिव्हाच्या डॉक्टरला दिसले ते हेच.

दुसरे कारण, माप. मिठात आयोडीन मोजून घातलेले असते. शेवाळात ते जातीप्रमाणे, समुद्राप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलते. कुनबू जातीच्या एका ग्रॅम सुक्या शेवाळात दिवसाच्या गरजेच्या दहापट आणि त्याहून जास्त आयोडीन असू शकते. दुसऱ्या एखाद्या शेवाळात ते फारच थोडे असते. जपानच्या होक्काइडो किनाऱ्यावर कुनबू भरपूर खाणाऱ्या कोळी वस्त्यांमध्ये 1960 च्या दशकात गलगंड आढळला, तो आयोडीन जास्त झाल्यामुळे. म्हणजे कमी पडले तरी गळा फुगतो आणि जास्त झाले तरी फुगतो. ऑस्ट्रेलियात 2009 साली शेवाळ घातलेले एक सोयाबीनचे दूध बाजारातून परत बोलवावे लागले, कारण ते पिणाऱ्यांची थायरॉईड बिघडली होती.

तिसरे कारण, विषारी अंश. शेवाळ समुद्रातले आयोडीन ओढते तसे आर्सेनिकसारखे घातक पदार्थही ओढते. हायझाओ म्हणून वापरल्या जाणाऱ्या दोन जातींपैकी एक जात जपानी लोक 'हिजिकी' म्हणून खातात. तिच्यात घातक आर्सेनिक जास्त असल्याने ब्रिटनच्या अन्न खात्याने 2004 साली ती न खाण्याचा सल्ला दिला. डबीतल्या पावडरीत कोणती जात आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

चौथे कारण सर्वांत मोठे. या डबीच्या भरवशावर माणूस खरे औषध सोडतो.

बायांच्या दुखण्याकडे पाहा

थायरॉईडचा त्रास पुरुषांपेक्षा बायांना कितीतरी जास्त होतो. ग्रंथी मंदावली की सतत थकवा येतो, थंडी सोसत नाही, अंग सुजल्यासारखे वाटते, वजन वाढते, पोट साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, मन खचते. पाळी जास्त जाते किंवा मागेपुढे होते. दिवस राहत नाहीत किंवा राहिलेले टिकत नाहीत. घरात मात्र तिला "आळशी झाली", "हिला मूल होत नाही" असे ऐकावे लागते. कुठे अंगारा-धुपारा सुरू होतो. रक्ताच्या एका तपासणीने कळणारी गोष्ट वर्षानुवर्षे कळत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे जास्त लागू आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आपल्या वस्त्यांमधली कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. अंगावरून जास्त जाते म्हणून त्यातल्या पुष्कळ बायांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेली. 2019 साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून जास्त जाण्याची कारणे अनेक असतात आणि थायरॉईड हे त्यातले एकच कारण आहे. पण ते गोळीने आवरता येणारे कारण आहे. म्हणून आमचे सांगणे आहे, कुणी "पिशवी काढून टाका" म्हटले तर आधी विचारा, "थायरॉईडची तपासणी केली का? रक्त किती आहे? सोनोग्राफीत काय दिसले?" हे विचारणे म्हणजे डॉक्टरांशी भांडण नाही. शरीर तिचे आहे, विचारायचा हक्कही तिचा आहे.

तपासणीचे नाव टीएसएच. दंडातून थोडे रक्त घेतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, गेवराईच्या सरकारी दवाखान्यात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात या तपासणीची सोय कशी आहे, ते आशाताईला विचारा. गरोदर बाईने पहिल्या तपासणीच्या वेळीच याबद्दल बोलावे. विशेषतः आधी गर्भपात झाला असेल, गळा फुगीर असेल किंवा घरात कुणाला थायरॉईड असेल, तर हे टाळू नये.

नवजात बाळांमध्येही क्वचित ही ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. कावीळ लवकर न उतरणे, बाळ फार झोपाळू असणे, दूध नीट न ओढणे, शौचास कडक होणे, जीभ मोठी दिसणे, आवाज जाडा असणे, बेंबी फुगलेली असणे, अशी चिन्हे दिसली तर बाळाला लगेच दवाखान्यात न्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बाळाची बुद्धी वाचते. "मोठे झाल्यावर सुधारेल" म्हणत थांबलेले महिने परत मिळत नाहीत.

गोळी घेण्याची रीत

मंद थायरॉईडवर डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. शरीर जो रस स्वतः तयार करत नाही, तोच या गोळीतून बाहेरून देतात. ती घेताना एवढे सांभाळा.

सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर निदान अर्धा तास चहा आणि खाणे नको, एक तास थांबता आले तर उत्तम.

लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवा. आपल्या गरोदर बायांना दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम गिळल्या तर थायरॉक्सिन अंगी नीट लागत नाही.

बरे वाटले म्हणून बंद करू नका. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगा, तेव्हा बहुतेक वेळा गोळीचे माप वाढवावे लागते. गोळी बाळाला अपाय करत नाही, उलट बाळाला तिची गरज असते.

ऊसतोडीला जाताना जुनी चिठ्ठी आणि शेवटचा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. टोळी कुठेही असली तरी त्या चिठ्ठीवर जवळच्या सरकारी दवाखान्यात गोळी मागता येते. निघण्याआधी डॉक्टरांना "सहा महिने बाहेर आहोत" असे स्पष्ट सांगा.

मिठाची निगा

निरोगी माणसासाठी आयोडीनचा सर्वांत सोपा मार्ग मीठच आहे. पण डब्यात आयोडीन टिकायला हवे.

पुड्यावर 'आयोडीनयुक्त' असे लिहिले आहे आणि हसऱ्या सूर्याचे चिन्ह आहे, हे पाहून घ्या. पोत्यातले सुटे खडे मीठ स्वस्त पडते, पण त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. गुरांसाठी किंवा कारखान्यासाठी आलेले मीठ स्वयंपाकात वापरू नका. खडे मीठ धुऊन घेण्याची काही घरांत रीत आहे. आयोडीनयुक्त मीठ धुतले तर आयोडीन पाण्याबरोबर जाते.

मीठ झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीच्या धगीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. उघड्या वाडग्यात ओल लागून पाणी सुटलेल्या मिठातले आयोडीन कमी होते. जमेल तिथे मीठ शिजण्याच्या शेवटी घाला. फडावरच्या कोपीत राहताना पुडा दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा.

आणि आयोडीन हवे म्हणून जास्त मीठ खाऊ नका. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा सपाट, एवढे सगळे मिळून पुरे. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो. दूध, दही आणि अंडी यांतूनही थोडे आयोडीन मिळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाजरीने थायरॉईड होते का? सुदानमध्ये बाजरीवरच जगणाऱ्या, आयोडीन न मिळणाऱ्या भागात बाजरीने गलगंड वाढतो, असे अभ्यासात दिसले आहे. कोबीबद्दलही तसेच सांगतात. पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याने बाजरीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. हिवाळ्यात बाजरी, एरवी ज्वारी, असा आपला फेर उत्तम आहे.

सैंधव मीठ चांगले का? त्यात वरून घातलेले आयोडीन बहुधा नसते. कधीमधी चवीला चालेल. रोजच्या स्वयंपाकात, विशेषतः गरोदर बाईच्या घरात, तेवढ्यावर भागवू नका.

चायना ग्रास म्हणजे काय? किराणा दुकानात मिळणाऱ्या या पांढऱ्या पट्ट्या लाल जातीच्या समुद्री शेवाळापासून करतात. दूध-साखर घालून त्याचा थंडगार गोड पदार्थ होतो. त्यात आयोडीन फारसे उरत नाही. ते तंतुमय असल्याने पोट साफ व्हायला मदत होते. खायला हरकत नाही, पण ते थायरॉईडचे औषध नाही. याच पदार्थावर प्रयोगशाळेत लघवी आणि पू यांतले जंतू वाढवून तपासतात. म्हणजे शेवाळ आपल्या आरोग्याच्या उपयोगी पडतेच, फक्त वेगळ्या वाटेने.

शेतात फवारायला मिळणारे शेवाळाचे औषध पोटात घेतले तर? कधीही नाही. कापसाच्या पिकावर वापरतात तो शेवाळाचा अर्क पिकासाठीच असतो. ती बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

मी तीन महिने शेवाळाच्या गोळ्या घेतल्या आहेत, आता काय करू? घाबरू नका. गोळ्या थांबवा, डबी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि टीएसएच करून घ्या. डबी लपवू नका, डॉक्टरांना ती पाहायला मिळाली तर रिपोर्ट नीट समजतो.

या आठवड्यात एवढे करा

घरातल्या मिठाचा पुडा काढून त्यावरचे शब्द मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकराला वाचायला सांगा. घरातल्या प्रत्येकाचा गळा उजेडात पाहा. मान थोडी वर करून पाण्याचा घोट गिळायला लावा. गिळताना गळ्यातली फुगीर गाठ वरखाली होताना दिसली तर दवाखान्यात दाखवा. ज्या बाईला वर सांगितलेला त्रास आहे, तिला सोबत घेऊन जा, एकटीला पाठवू नका. महिला मंडळाच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. मीठ तपासायचा संच आशाताईकडे असेल तर प्रत्येक घरातून चमचाभर मीठ आणून सगळ्यांसमोर तपासा. निळा-जांभळा रंग आला तर आयोडीन आहे. ज्या मिठाला रंग आला नाही, ते कोणत्या दुकानातून आणले ते पाहा आणि सगळ्या घरांनी मिळून दुकानदाराकडे आयोडीनयुक्त मिठाची मागणी करा.

जुने आहे म्हणून मानायचे नाही, परके आहे म्हणून टाकायचे नाही, आणि मोबाईलवर आले म्हणून घ्यायचे तर मुळीच नाही. चिनी वैद्यांचे शेवाळही तपासले गेले, तेव्हा कुठे त्यातले सत्त्व आपल्या मिठात आले. आपणही औषध तपासून घेऊ आणि मीठ पाहून घेऊ.